घरातली कंपनी आणि घरचा खर्च: कुठला कुणाच्या नावावर लिहायचा

आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमधली मागची खोली सासूबाईंची. त्या गेल्यानंतर वर्षभर ती बंदच होती. २०२१ च्या एप्रिलमध्ये मी तिथे दोन टेबलं मांडली आणि कंपनी सुरू केली. भोसरी-चाकणच्या लहान वर्कशॉपना जिग, फिक्स्चर आणि शीट मेटलच्या भागांची ड्रॉइंग करून द्यायची, हे आमचं काम. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे, संचालक मी आणि माझा नवरा, आणि रोज दोन मुली कामाला येतात.

तेव्हापासून लग्नात भेटो की हळदीकुंकवाला, कुणी ना कुणी विचारतंच, "घरातूनच करतेस ना? मग लाइटबिल, मेंटेनन्स सगळं कंपनीतच टाकत असशील." विचारणाऱ्यांपैकी निम्म्या जणी स्वतः घरातून काहीतरी करत असतात आणि त्यांना खरंच जाणून घ्यायचं असतं. म्हणून जे मला ठेच लागून कळलं, ते इथे सविस्तर लिहिते आहे.

पहिल्या वर्षी मी हेच केलं होतं. कंपनीचं डेबिट कार्ड पर्समध्ये असायचं, मग वीजबिल त्यावरून, सोसायटीचा मेंटेनन्स त्यावरून, सिलिंडर त्यावरून, महिन्याचा किराणा त्यावरून आणि एकदा मुलाच्या क्लासची फीसुद्धा. माझ्या मनात हिशोब असा होता की कंपनी माझी, कमाई माझी, घरही माझं. मार्चनंतर ऑडिटला बसलो तेव्हा आमच्या सीए मॅडमनी बँकेच्या उताऱ्यावर पेन्सिलने एकेक ओळ गोल केली. बेरीज आली १,८६,४०० रुपये. त्यातला बराचसा खर्च खरोखर कामासाठीही होता, पण किती, ते दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. सगळी रक्कम खर्चातून बाहेर निघाली आणि 'संचालक उचल', म्हणजे मी कंपनीकडून घेतलेले पैसे, या नावाखाली माझ्या अंगावर आली. आमची कंपनी २२ टक्क्यांच्या दराने कर भरते. अधिभार आणि उपकर धरून तो २५.१६८ टक्के होतो. म्हणजे तेवढ्या रकमेवर सुमारे ४६,९०० रुपये कर.

खरी भीती पुढे होती. मोजक्या भागधारकांच्या कंपनीने दहा टक्के किंवा त्याहून जास्त मताधिकार असलेल्या भागधारकाला उचल दिली, तर कंपनीच्या साठलेल्या नफ्याइतकी रक्कम आयकर कायद्याच्या कलम २(२२)(ई) प्रमाणे लाभांश मानली जाते आणि त्या माणसाच्या हातात तिच्यावर पुन्हा कर लागतो. शिवाय कंपनी कायद्याचं कलम १८५ संचालकाला कर्ज द्यायला मनाई करतं. मी वाचले ते एकाच कारणाने. सुरुवातीला मी स्वतःच्या बचतीतले अडीच लाख कंपनीला कर्जाऊ दिले होते, त्यामुळे ही रक्कम माझ्याच पैशांची परतफेड ठरली. तुमचं कंपनीकडे असं येणं नसेल, तर कंपनीच्या कार्डावर किराणा भरणं किती महागात पडेल ते आधीच ओळखा.

त्या दिवशी मॅडम म्हणाल्या ते वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे: "कंपनी तुमच्या घरात राहायला आलेली परकी व्यक्ती आहे, तिच्याशी परक्यासारखाच हिशोब ठेवा." पुढचं सगळं या एका वाक्यातून निघतं. परक्याला आपण खोली फुकट वापरू देऊ किंवा भाड्याने देऊ, पण त्याच्याकडून आपल्या घरचा किराणा भरून घेणार नाही. आणि त्याच्या एसीचं बिलही आपण भरणार नाही.

आधी तुमचा धंदा कुठल्या प्रकारात बसतो ते बघा

प्रोप्रायटरशिप, म्हणजे एकट्याच्या मालकीचा धंदा, असेल तर कायद्याच्या दृष्टीने तुम्ही आणि तुमचा धंदा एकच. स्वतःला भाडं देता येत नाही. घराचा काही भाग धंद्याला वापरत असाल तर आयकर कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे खर्चाचा त्या प्रमाणातला भाग मागता येतो. मात्र तुम्ही ४४एडी किंवा ४४एडीए खाली ठोक टक्केवारीने नफा दाखवत असाल, तर सगळे खर्च त्या टक्केवारीत आलेच असं धरलं जातं. मग वीजबिलाचा वेगळा तुकडा मागायला जागाच उरत नाही. माझी एक मैत्रीण ४४एडीए खाली रिटर्न भरते आणि तरीही वर्षभर इंटरनेटची बिलं फाइलला लावत होती. आयकरासाठी तिला त्यांचा काही उपयोग नव्हता.

कंपनीला या ठोक योजना मिळत नाहीत. तिला खरे खर्च दाखवावे लागतात आणि उलाढाल कितीही लहान असली तरी ऑडिट चुकत नाही. या लेखातलं पुढचं सगळं कंपनीपुरतं आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, २०२५ लागू, आणि त्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत. मी जुनेच क्रमांक लिहिते, कारण अजून सगळ्यांच्या तोंडी तेच आहेत.

मूळ नियम आयकर कायद्याच्या कलम ३७ चा. खर्च संपूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठी झालेला हवा, खासगी नको आणि भांडवली, म्हणजे मालमत्ता उभी करण्याचा, नको. बिल हातात आलं की मी स्वतःला एक प्रश्न विचारते: ही खोली उद्या बंद केली तर हा खर्च थांबेल का? कंपनीचं इंटरनेट थांबेल. सिलिंडर थांबणार नाही. वीज काही प्रमाणात थांबेल, आणि ते प्रमाण काढणं हेच काम.

टेप घेऊन बसा

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला एका रविवारी नवऱ्याने टेपचं एक टोक धरलं आणि मी दुसरं. खोली भरली ११ फूट बाय १२, म्हणजे १३२ चौरस फूट. फ्लॅटचा कार्पेट एरिया करारनाम्यात ७८०. प्रमाण आलं १६.९ टक्के. हे एका कागदावर नकाशासकट काढलं, तारीख घातली, दोघांनी सह्या केल्या आणि कागद फाइलला लावला. करनिर्धारण अधिकारी कधी विचारतील न विचारतील, पण 'साधारण एक तृतीयांश घर वापरतो' असं म्हणणं आणि हा कागद पुढे ठेवणं यात फार अंतर आहे.

माझ्या ओळखीत बरेच जण अंदाजाने पन्नास टक्के लावतात. दोन बेडरूमच्या घरात चार माणसं राहत असताना निम्मं घर ऑफिस आहे, हे कुणाला पटेल?

भाड्याचा हिशोब, जो मी तीन वर्षं केला आणि मग सोडला

घर संचालकाच्या मालकीचं असेल तर कंपनी त्याला भाडं देऊ शकते आणि ते भाडं कंपनीचा खर्च होतो. मी हे २०२२ च्या एप्रिलपासून ३६ महिने केलं, म्हणून त्याची दोन्ही टोकं सांगते.

भाडं किती, हा पहिला प्रश्न. जवळच्या माणसाला बाजारभावापेक्षा जास्त दिलेली रक्कम कलम ४०ए(२) खाली नाकारता येते. मला कुणीतरी "सरळ पंधरा हजार लाव" असं सांगितलं होतं. मी आमच्याच सोसायटीत भाड्याने दिलेल्या दोन फ्लॅटच्या करारांची सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदणी कार्यालयातला कराराचा गोषवारा, काढली. तेव्हा आमच्याएवढ्या फ्लॅटचं भाडं २८,००० च्या आसपास होतं. त्याचे १६.९ टक्के म्हणजे ४,७०० रुपये. बाथरूम आणि पॅसेजच्या वापराचे थोडे धरून आम्ही ५,५०० ठरवले. पंधरा हजारांना कुठलाच आधार नव्हता.

मग कागद. फ्लॅट आम्हा दोघांच्या नावावर, म्हणून करारात मालक दोघं, आणि भाडंही निम्मं निम्मं दोघांच्या खात्यात. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे. मुद्रांक शुल्क पूर्ण मुदतीच्या भाड्यावर ०.२५ टक्के. आमचं ३६ महिन्यांचं भाडं १,९८,०००, त्यावर शुल्क पाचशेच्या आत-बाहेर आणि नोंदणी फी १,००० रुपये. अंगठ्याचं मशिन घेऊन एजंट घरी आला. मी दोनदा अंगठा दिला, एकदा मालकीण म्हणून आणि एकदा कंपनीच्या वतीने. मॅडमचं 'परकी व्यक्ती' हे वाक्य मला तेव्हा पुरतं उमगलं. त्याआधी संचालक मंडळाच्या बैठकीत आम्ही दोघांनी आपला हितसंबंध जाहीर केला, ठराव केला आणि तो इतिवृत्तात लिहिला. संचालकाची जागा कंपनीने भाड्याने घेणं हा कंपनी कायद्याच्या कलम १८८ मधला व्यवहार आहे, तेव्हा ठराव नुसता तोंडी ठेवू नका. घरावर कर्ज असेल तर बँकेची आणि सोसायटीची ना-हरकतही लागेल.

आता फायदा बघू. वर्षाचं भाडं ६६,०००. कंपनीचा त्यावर वाचलेला कर १६,६११. आमच्या हातात ते भाडं घरापासूनचं उत्पन्न. त्यातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते, म्हणून ४६,२०० वर कर. वीस टक्क्यांच्या स्लॅबला उपकरासह ९,६१० रुपये. दोन्हींतला फरक सात हजार. तीस टक्क्यांच्या स्लॅबला कर १४,४१४ जातो आणि हातात जेमतेम २,२०० उरतात. उलट, ज्यांचं एकूण उत्पन्न नव्या करप्रणालीत १२ लाखांच्या आत आहे त्यांना २०२५-२६ पासून त्यावर करच बसत नाही. त्यांना भाडं चांगलंच फायद्याचं आहे. तुम्ही कुठे बसता ते आधी पाहून मगच करार करा.

आमच्या बाबतीत मध्येच दोन गोष्टी झाल्या. १८ जुलै २०२२ पासून जीएसटी नोंदणी असलेल्याने राहतं घर भाड्याने घेतलं तर त्याने स्वतःच रिव्हर्स चार्जने १८ टक्के भरायचे, असा नियम आला. कंपनीला महिन्याला ९९० रुपये रोखीने भरून मग त्यांचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या जीएसटीची वजावट, घ्यावं लागायचं. पैसे परत येत, पण दर महिन्याच्या रिटर्नमध्ये एक जादा ओळ आणि एक जादा काळजी. दुसरी गोष्ट आपल्या पुण्याची. मिळकतकरात स्वतः राहणाऱ्यांना मिळणारी ४० टक्के सवलत २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि त्यासाठी पीटी-३ फॉर्म भरायचा होता. त्यात स्वतः राहत असल्याचं लिहून द्यायचं, आणि इकडे एक खोली नोंदणीकृत कराराने भाड्याने दिलेली. माझा हात अडला. घराघरांचा मिळकतकर वेगळा असतो. तुमच्या बिलावरची ४० टक्क्यांची रक्कम किती ते बघा आणि भाड्याच्या फायद्याशेजारी लिहा. आमच्याकडे ती त्या सात हजारांच्या जवळपास जात होती. मार्च २०२५ ला करार संपला, आम्ही तो पुन्हा केला नाही.

आता कंपनी ती खोली बिनभाड्याने वापरते. मालक म्हणून आम्हा दोघांचं ना-हरकत पत्र दिलेलं आहे, आणि कंपनीसाठी जो प्रत्यक्ष खर्च होतो तेवढाच तिच्याकडून घेतो. मेंटेनन्स आणि मिळकतकराचा तुकडा मी मागत नाही. कंपनी इथे नसती तरी ते दोन्ही तेवढेच भरावे लागले असते. भाडं घेत असाल तरी ते वेगळे मागू नका, भाड्यात ते आलेच.

आणखी एक. घराच्या इमारतीवर घसारा, म्हणजे वस्तूची किंमत दरवर्षी थोडीथोडी खर्चात धरणं, मागायच्या भानगडीत पडू नका. प्रोप्रायटर मंडळींना हा मोह होतो. पुढे घर विकताना घसारा घेतलेल्या भागाचा नफा कलम ५० प्रमाणे अल्पमुदतीचा धरला जातो, मग तुम्ही तिथे वीस वर्षं का राहिलेले असेनात.

वीज: सबमीटर लावा

घरून चालणाऱ्या कामात सगळ्यात जास्त वाद विजेवरून होतो, आणि तो मिटवायला एक छोटी वस्तू पुरते. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मी एक सबमीटर घेतला. दुकानदाराने आधी साध्या चिठ्ठीवर रक्कम लिहून दिली. मी कंपनीचं नाव आणि जीएसटी नंबर घालून पक्कं बिल मागितलं, ते मिळालं. वायरमनने त्या खोलीचं सर्किट वेगळं करून मीटर दाराच्या वर बसवला.

दर महिन्याच्या ज्या तारखेला महावितरणचं रीडिंग होतं, त्याच दिवशी मी स्टुलावर चढून सबमीटरचा आकडा वहीत लिहिते आणि मोबाइलवर फोटो काढते. गेल्या मे महिन्यातली नोंद अशी: घराचे एकूण युनिट २८६, खोलीचे ९७, प्रमाण ३३.९ टक्के, बिल ३,३९० रुपये, कंपनीचा हिस्सा १,१५०. डिसेंबरमध्ये एसी बंद असतो तेव्हा हाच हिस्सा चारशेच्या आत येतो. क्षेत्रफळाने १६.९ टक्के लावले असते तर उन्हाळ्यात माझं नुकसान झालं असतं आणि हिवाळ्यात कंपनीचं. मीटरला कुणाची बाजू घ्यायची नसते. वर एक रुपयाही लावायचा नाही, जेवढं बिल तेवढाच हिस्सा.

महावितरणच्या दरपत्रकाकडेही लक्ष असू द्या. घराच्या एका भागातून व्यवसाय करणाऱ्याला घरगुती दर चालतो तो वापराच्या मर्यादेत, महिन्याला ३०० युनिट आणि वर्षाला ३,६०० युनिट. म्हणून उन्हाळ्यात आमच्या घरात आकड्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं.

गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते तेव्हा काम थांबू नये म्हणून घेतलेला इन्व्हर्टर फक्त त्या खोलीच्या सर्किटवर आहे. तो कंपनीच्या नावाने घेतला. तोच दिवाणखान्यालाही जोडला असता, तर पुन्हा प्रमाण काढत बसावं लागलं असतं.

इंटरनेट, फोन, संगणक

इथे वाटण्या करू नका, वेगळंच घ्या. घरचं कनेक्शन घरचं. कंपनीसाठी दुसरं कनेक्शन कंपनीच्या नावाने आणि तिच्या जीएसटी नंबरावर. महिन्याला ९९९ अधिक जीएसटी १७९.८२. घरच्या नावाच्या बिलावर ते १७९.८२ क्रेडिटला मिळत नाहीत आणि कितवा हिस्सा कामाचा यावर बोलणं होतं ते वेगळंच. वर्षाला सुमारे दोन हजार एकशे अठ्ठावन्न रुपयांचं क्रेडिट फक्त नाव बदलल्याने मिळतं.

मोबाइलचंही तसंच. सिमकार्ड कंपनीच्या नावाने घ्या. कंपनीने कर्मचाऱ्याच्या किंवा पगारी संचालकाच्या फोनचं बिल भरलं तर ते पगारातली सुविधा म्हणून करपात्र धरत नाहीत, आयकर नियमांतल्या नियम ३ मध्ये तशी सूट आहे. कंपनीचा लॅपटॉप वापरायला दिला तर त्यालाही सूट आहे. पण कंपनीने घरच्या गॅसचं, विजेचं, पाण्याचं बिल भरलं तर त्याला अशी सूट नाही. ती करपात्र सुविधा होते, पगारात धरावी लागते आणि त्यावर टीडीएस कापावा लागतो.

संगणकावर घसारा ४० टक्के, टेबल-खुर्च्यांवर १० टक्के. वस्तू त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर निम्माच. सप्टेंबरमध्ये घेतलेल्या ७८,००० च्या लॅपटॉपवर पहिल्या वर्षी ३१,२०० मिळतात, दिवाळीच्या सेलमध्ये घेतला तर १५,६००. उरलेलं पुढच्या वर्षांत मिळतंच, म्हणून सेलमध्ये चांगली सूट असेल तर मी थांबते. नफा जास्त झालेल्या वर्षी मात्र गणपतीच्या आधी घेऊन टाकते.

खोलीतला माझा जुना डेस्कटॉप मी कंपनीला विकला. वापरलेल्या मशिनचा दर दुकानात विचारून घेतला, साधं विक्रीपत्र लिहिलं आणि पैसे बँकेतून घेतले. घराचा विमा असेल तर पॉलिसीत धंद्याचं सामान धरलंय का ते वाचून बघा. आम्ही संगणक आणि प्लॉटरसाठी (मोठी ड्रॉइंग छापायचं मशिन) कंपनीच्या नावाने वेगळी पॉलिसी घेतली, तिचा हप्ता सरळ कंपनीचा खर्च.

चहा, दूध, कामवाल्या ताई

रक्कम लहान, पण गोंधळ इथेच जास्त होतो. मुलींसाठी दिवसातून दोनदा चहा होतो. सुरुवातीला घरच्याच दुधात तो व्हायचा आणि मी महिन्याला अंदाजे पाचशे लिहायचे. आता अर्धा लिटरची पिशवी, चहापावडर आणि साखर वेगळी येते, दूधवाला वेगळं कार्ड ठेवतो आणि डबे खोलीतल्या कपाटातच असतात. खाण्यापिण्याच्या वस्तूंवरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही, खर्च म्हणून मात्र चालतं. घरी काम करणाऱ्या ताई ती खोलीही झाडून-पुसून देतात. त्याचे वेगळे पैसे ठरवले आहेत आणि कंपनीच्या खात्यातून त्यांना थेट जातात. दिवाळीला मुलींना दिलेली मिठाई कंपनीची, घरच्या फराळाचं सामान घरचं. गणपती घरचा, म्हणून त्याचा खर्चही घरचाच. मुली आरतीला थांबतात तरीही.

भोसरी-चाकणच्या फेऱ्यांसाठी गाडी माझ्या नावावरची आहे. ठरावात किलोमीटरला दर ठरवला आहे, आणि तारीख, ठिकाण, कामाचं कारण, सुरुवातीचं आणि शेवटचं रीडिंग एवढं वहीत असतं. वाटेत भाजी घेतली तरी फेरी कामाचीच. भाजीसाठीच गेले असेन तर ती वहीत येत नाही.

पैसे कसे घ्यायचे

मी आधी माझ्या खात्यातून बिल भरते. महिन्याच्या तीन तारखेपर्यंत एक व्हाउचर करते: बिलाचा क्रमांक, एकूण रक्कम, हिस्सा कसा काढला ते एका ओळीत, मागितलेली रक्कम, माझी सही. मंजुरीची सही नवऱ्याची. कधीच दोन्ही सह्या माझ्या नाहीत. पाच तारखेला कंपनीच्या खात्यातून बरोबर तेवढीच रक्कम माझ्या खात्यात येते, गोल करून नाही. १,१५० आणि इतर मिळून २,३८७ होत असतील तर २,३८७ च. अडीच हजारांची गोल रक्कम बघितली की कुणालाही उचलच वाटते.

एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिलेलं कलम ४०ए(३) खाली खर्चात धरत नाहीत. वायरमन, सुतार, रंगारी यांच्या बाबतीत हे हमखास विसरलं जातं. खोलीला रंग काढला तेव्हा रंगाऱ्याने रोख मागितले होते, आम्ही बँकेतून दिले.

घर चालवायला पैसे लागतात ते पगारातून घ्या. संचालकाचा पगार ठरावाने ठरवा, दर महिन्याला काढा, टीडीएस कापायचा तर कापा, आणि तो तुमच्या खात्यात आला की किराणा, फी, सिलिंडर काय हवं ते मोकळेपणाने भरा. पहिल्या वर्षी मी पगार घेतलाच नव्हता. कंपनीचे पैसे वाचवते आहे असं वाटायचं, आणि मग घर चालवायला तिच्याच कार्डाकडे हात जायचा. नवऱ्याला किंवा बायकोला पगार द्यायचा असेल, तर तो खरोखर करत असलेल्या कामाचा आणि त्याच्या शिक्षण-अनुभवाला धरून असू द्या, नाहीतर ते उत्पन्न तुमच्याच उत्पन्नात मिळवलं जाऊ शकतं.

व्यवसाय कराचे वर्षाला २,५०० कंपनीचे वेगळे आणि संचालकांचे वेगळे, मुदत ३० जून. कंपनीचे तिचा खर्च. आमचे आम्ही आमच्या खिशातून भरतो.

दारावरची पाटी आणि सोसायटी

नोंदणीकृत कार्यालय घरी दाखवलं की कंपनी कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाहेर नाव-पत्त्याची पाटी लागते, आणि ती इथल्या भाषेच्या लिपीतही हवी. आमच्या दारावर नावाची एक पाटी आणि तिच्याखाली कंपनीची, मराठीत आणि इंग्रजीत. सोसायटीच्या कमिटीला सुरुवातीला धास्ती वाटली, माणसांची ये-जा वाढेल, लिफ्टवर ताण येईल. मी त्यांना घरी बोलावलं, खोली दाखवली, दोन मुलींशी ओळख करून दिली, ग्राहक इथे येत नाहीत हे लिहून दिलं. ना-हरकत पत्र आठवड्याभरात मिळालं. आमच्यासारखी मोजकीच माणसं कामाला असतील तर दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणी लागत नाही, ऑनलाइन सूचना पुरते. ती पावतीही फाइलला ठेवा.

कंपनीच्या हिशोबाची वह्या-व्हाउचरं आठ वर्षं जपायची असतात. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना हिशोबाचं सॉफ्टवेअरही असं लागतं, की त्यात केलेला प्रत्येक बदल नोंदलेला राहतो. त्यामुळे मार्चमध्ये बसून वर्षभराची व्हाउचरं मागच्या तारखांनी करणं विसरा. आमच्याकडे अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या बॉक्स फाइल आहेत, दर वर्षाची एक. सबमीटरची वही त्याच कपाटात असते, आणि तिच्या पहिल्या पानावर टेपने मोजलेल्या खोलीचा तो नकाशा चिकटवलेला आहे.